मंगळावरचं रेडकू

जांबोटीच्या पुढं घाटाकडं जाताना एक मोठा सडा लागतो. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार. पावसाळ्यात त्यावर गवत आणि रानफुलं असतात, दिवाळी सरली की सगळं करपून तांबडंलाल होतं. पूर्वी तिथून घरांसाठी चिरे काढायचे. त्या खाणी कधीच बंद पडल्या, कातळात कापलेले चौकोनी खड्डे तेवढे राहिलेत. एका खासगी संस्थेनं त्या सड्यावर दोन पांढरे घुमट उभे केले आणि हाच मंगळ असं ठरवलं. त्या मंगळावर मी एक हिवाळा राहून आले.

मी बेळगावात एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. घर टिळकवाडीत, माहेर खानापूरच्या बाजूचं, भातशेतीवाल्यांचं. माणसं खरोखरच मंगळावर गेली तर बंद जागेत कशी राहतील, काय खातील, एकमेकांना कशी सोसतील, हे आधी इथंच जमिनीवर करून बघतात. त्यासाठी संस्थेला चार माणसं पाहिजे होती आणि त्यांतलं एक भाजीपाला पिकवणारं. आमच्या कॉलेजात विचारणा झाली तेव्हा माझ्या तरुण सहकाऱ्यांपैकी कुणाची मुलं लहान होती, कुणाचं लग्न ठरलं होतं. माझा मुलगा शिकायला बाहेरगावी. नवरा म्हणाला, "जा की. इथं तरी कुंड्या सोडून तू कुणाशी बोलतेस?" थट्टेतच म्हणाला, पण निघायच्या दिवशी माझी बॅग त्यानं भरली, आणि लोकरी मोजे तीन-तीनदा काढून पुन्हा घातले. गावी जाऊन आप्पांना सांगितलं. आप्पा म्हणजे माझे वडील, ऐंशीच्या घरातले, कानानं थोडे कमी. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि तिथं वेळेवर जेवायला घालतात का, एवढंच विचारलं.

आमचे प्रमुख, म्हणजे कमांडर, निपाणीचे. तरुणपणापासून मोठ्या मालवाहू जहाजांवर इंजिनं सांभाळलेली, आता निवृत्त. त्यांना बंद जागा नवी नव्हती. सकाळी वाटीभर पाण्यात दाढी करायचे, कपड्यांना घडी असायची, आणि पुस्तकात लिहिल्यासारखं मराठी बोलायचे. डॉक्टर हुबळीकडची, तिशीच्या आतली, घरची भाषा कन्नड. मराठी तिला समजायचं, बोलताना अडायची. पहिल्याच दिवशी ती मला अक्का म्हणाली आणि पुढंही तेच राहिलं. चौथा इंजिनिअर, पिरनवाडीचा तरुण, एका फौंड्रीत मशीनचं काम बघणारा. घुमटातली हवा, वीज, पाण्याचे पंप हे त्याच्याकडं. तो सारखा काहीतरी गुणगुणायचा. आपण गुणगुणतोय हे त्याला स्वतःला माहीत नसायचं.

दार बंद झालं तेव्हा मला वाटलं होतं, घर आठवेल. आधी आठवलं ते पाणी. प्रत्येकाला दिवसाचं पाणी ठरलेलं, त्यातच पिणं, तोंड धुणं, अंग पुसणं. आंघोळ नाहीच. ओल्या फडक्यानं अंग पुसायचं आणि तेच पाणी गाळून पुन्हा वापरात. संडासात पाण्याऐवजी लाकडाचा भुसा. जेवण सगळं वाळवलेलं: वाळलेल्या भाज्या, दुधाची पावडर, पोहे, सोयाबीन. मी हट्टानं थालीपिठाची भाजणी आणि तिळाची चटणी नेली होती. पहिल्या रविवारी थालीपीठ लावलं आणि तिघंही माझ्याभोवती ताटल्या घेऊन उभे राहिले. डॉक्टरनं आयुष्यात पहिल्यांदा थालीपीठ खाल्लं आणि ते आपल्या तांदळाच्या अक्की रोटीचं नात्यातलंच आहे, असं ठरवून टाकलं.

सकाळी उठून आधी वजन, रक्तदाब, मग सायकलवर व्यायाम. मग ज्याचं त्याचं काम. माझी जागा दुसऱ्या घुमटात. तिथं सड्यावरचीच तांबडी माती भाजून निर्जंतुक केली होती, त्यात मेथी, लाल माठ, राजगिरा रुजवायचा. ती माती मला चांगली ओळखीची, पण भाजल्यावर मेल्यासारखी झालेली. पहिली पेरणी वायाच गेली. दुसऱ्यांदा खत म्हणून स्वयंपाकघरातला ओला कचरा कुजवून घातला आणि मग मेथीनं डोकं वर काढलं. त्या दिवशी चौघं जण आळीपाळीनं येऊन ते दोन-दोन पानांचे कोंब बघून गेले. कमांडर तर हात मागं बांधून बराच वेळ उभे होते.

बाहेर जायचं तर अंतराळातला पोशाख घालूनच. जाड कापडाचा अंगरखा, पाठीवर पंख्याची पेटी, डोक्यावर बंद हेल्मेट. दोन दारांच्या मधल्या खोलीत थांबायचं, हवा बदलली असं मानायचं आणि मग बाहेरचं दार उघडायचं. बाहेर आपलाच सडा, आपलीच हवा, लांब झाडीतून कोंबडा आरवल्याचा आवाजसुद्धा यायचा. तरी हेल्मेट काढायचं नाही, आणि बाहेरच्या माणसाशी बोलायचं नाही, हा तर मोठाच नियम. तो मोडला तर मोहीम तिथंच थांबवण्याचा अधिकार बेळगावातल्या केंद्राला होता. केंद्र म्हणजे तिथल्या ऑफिसात बसून आमच्यावर लक्ष ठेवणारी मंडळी. त्यांच्याशी सगळं बोलणं संगणकातून, आणि मंगळ लांब आहे म्हणून प्रत्येक निरोप मुद्दाम अडवून वीस मिनिटांनी सोडायचे. प्रश्न विचारायचा आणि उत्तर येईपर्यंत दुसरं काम करायचं. फोनसारखं बोलणं नाहीच.

घरच्यांचे निरोपही असेच, आवाज भरून पाठवलेले. नवरा थोडक्यात सगळं सांगायचा. आप्पांचं वेगळं. भावानं त्यांच्या पुढं मोबाइल धरला की ते माझ्याशी समोरासमोर बोलत असल्यासारखे बोलायचे. "जेवलीस?" म्हणून विचारायचे आणि थांबायचे. माझ्या उत्तराला लागेल तेवढी जागा सोडायचे. मग "बरं" म्हणायचे. "थंडी हाय तकडं?" पुन्हा थांबायचे. "हां. हितं बी हाय. मळणी झाली." पहिल्यांदा ऐकताना मला हसू आलं. दुसऱ्यांदा ऐकताना मी त्या रिकाम्या जागांमध्ये उत्तरं देऊन बघितली, आणि ती बरोबर बसली. त्यानंतर आप्पांचा निरोप आला की मी मेथीच्या वाफ्याशी बसून त्यांच्याशी बोलायची. डॉक्टरनं एकदा ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी तीही बहिणीचा निरोप ऐकताना मधे मधे कन्नडमधून उत्तरं देत होती. तिच्या बहिणीचे दिवस भरत आले होते आणि बाळंतपणाला आपण नाही, हे तिला जड जात होतं.

चार माणसं अशी जवळजवळ राहिली की मोठ्या गोष्टींपेक्षा बारीक गोष्टी टोचायला लागतात. कमांडरना इंजिनिअरचं गुणगुणणं टोचायला लागलं. इंजिनिअरला त्यांचं प्रत्येक सूचना पुन्हा म्हणून दाखवायला लावणं. पंप दुरुस्त केल्यावर तो तेलकट हात दोनदा धुवायचा. एकदा जेवताना, आम्हा दोघींसमोर, कमांडर त्याला म्हणाले की पाणी सगळ्यांचं आहे, आणि जहाजावर असं केलं असतं तर खलाशांनी त्याला समुद्रात टाकला असता. त्यांना वाटलं असेल ही थट्टा आहे. त्याचा चेहरा उतरला. त्यानंतर तो कामापुरतं बोलायचा, "हो सर", "झालं सर", आणि गुणगुणणं पार थांबलं. घुमटातली ती शांतता मला गुणगुणण्यापेक्षा जास्त ऐकू यायची. मी दोघांशी वेगवेगळं बोलून बघितलं. कमांडर म्हणाले, त्यात काय एवढं. इंजिनिअर म्हणाला, "काय न्हाय मॅडम, आपलंच चुकलं." दोघांनीही विषय तिथं संपवला आणि तो काही संपला नाही.

असे बरेच दिवस गेले. मग एका सकाळी मी आणि इंजिनिअर मातीचे नमुने आणायला बाहेर पडलो. घुमटापासून थोड्या अंतरावर जुन्या चिऱ्यांच्या खाणी, त्यांतल्या वेगवेगळ्या थरांतली माती पाहिजे होती. आमच्यासोबत हातगाडा, अॅल्युमिनियमची शिडी, दोर, ताडपत्री. हेल्मेटमध्ये पंख्याची घरघर एवढी असते की बाहेरचं फारसं ऐकू येत नाही. पण पहिल्या खाणीपाशी पोचलो तेव्हा इंजिनिअर थांबला आणि त्यानं हात वर केला. मग मलाही ऐकू आलं. पलीकडच्या मोठ्या खड्ड्यातून कण्हल्यासारखा आवाज येत होता.

आत म्हशीचं रेडकू पडलं होतं. काही महिन्यांचं असेल. खाणीच्या भिंती सरळ कापलेल्या, माणसापेक्षा उंच. तळाशी फुटक्या चिऱ्यांचा ढीग होता आणि त्यात त्याचा मागचा पाय अडकलेला. रात्रीपासून पडलेलं असणार. धडपडून दमलेलं, तोंडाला फेस, आणि ऊन आता थेट खड्ड्यात उतरायला लागलं होतं. झाडीच्या कडेला एक म्हैस उभी राहून हंबरत होती. आम्हाला बघून ती पुढंही येईना आणि मागंही जाईना.

आमच्या हेल्मेटमधला वायरलेस घुमटाला जोडलेला होता, त्यात वेळ अडवलेला नसायचा. मी कमांडरना काय दिसतंय ते सांगितलं. ते म्हणाले, थांबा, काही करू नका, मी केंद्राला कळवतो. इंजिनिअरनं मला खुणेनं हात दाखवला, जायला वीस मिनिटं, यायला वीस. रेडकानं मान टाकली होती. त्यानं हेल्मेटच्या कडीला हात घातला.

"सर, मी हेल्मेट काढून उतरतोय," तो म्हणाला. कित्येक दिवसांत त्यांच्याशी बोललेलं त्याचं हे पहिलं लांब वाक्य.

मला वाटलं, आता हे ओरडणार. मग कमांडरांचा आवाज आला, अगदी हळू. त्यांनी विचारलं, दोर केवढा आहे, शिडी खाली टेकते का, रेडकाचा पाय मोडलाय की नुसता अडकलाय. इंजिनिअरनं एकेकाचं उत्तर दिलं. ते म्हणाले, "हेल्मेट राहू दे. बाकी सगळं तुझ्या मनानं कर. मी ऐकतोय."

तो शिडीनं खाली उतरला. जाड हातमोज्यांनी एकेक चिरा उचलून बाजूला करायला लागला. मधेच डॉक्टरचा आवाज आला. मी माणसांची डॉक्टर आहे, असं आधी सांगून तिनं पाय वरपासून खालपर्यंत दाबून बघायला सांगितलं, कुठं दाबल्यावर ते जास्त ओरडतं ते विचारलं, आणि हाड शाबूत आहे असं तिला वाटलं. पाय सुटला, पण रेडकू उठून उभं राहीना. इंजिनिअरनं ताडपत्रीची घडी त्याच्या पोटाखालून घातली, चारही टोकांना दोर बांधला आणि वर माझ्याकडं फेकला. मी दोर गाड्याच्या दांड्याभोवती एक वेढा देऊन ओढायला लागले, तो खालून खांदा लावून उचलायला लागला. पोशाखाचं ओझं अंगावर, घामानं हेल्मेटची काच आतून धुकटलेली. रेडकू हातभर वर यायचं आणि पुन्हा खाली. तिसऱ्या खेपेला माझ्या हातातून दोर सुटला. इंजिनिअरनं खाली ते अंगावर झेललं आणि तो तसाच भिंतीला टेकून बसला.

मी दोर पुन्हा उचलला तेव्हा माझ्या पलीकडं कुणीतरी उभं असल्याचं दिसलं. डोक्यावर घोंगडीची खोळ, हातात काठी, साठी उलटलेली बाई. जवळच्या गवळीवाड्यातली असणार. त्यांच्या म्हशी या बाजूला चरायला यायच्या हे आम्हाला माहीत होतं, लांबून दिसायच्याही. ती माझ्याकडं बघत होती. पांढरा जाड पोशाख, चेहऱ्याच्या जागी काळी काच. तिच्या जागी मी असते तर पळाले असते. तिनं खड्ड्यात वाकून बघितलं. मग काठी खाली टाकली, घोंगडी काढली आणि माझ्या मागं येऊन दोर धरला. तिला ओढायची सवय होती. झटका न देता, पाय रोवून, जरा ओढून तिथंच धरायचं आणि मग पुन्हा ओढायचं. मी तिच्या लयीत ओढायला लागले. रेडकाचं डोकं काठाशी आलं, मग पुढचे पाय, आणि एकदम सगळं रेडकू आमच्या पायाशी येऊन पडलं.

तिनं त्याचं तोंड पुसलं, पाय चोळला, त्याच्या कानात काहीतरी बोलली. थोड्या वेळानं ते लटपटत उभं राहिलं. झाडीतली म्हैस धावतच आली आणि त्याला चाटायला लागली. इंजिनिअर शिडी चढून वर आला. आम्ही दोघं गाड्याला टेकून उभे राहिलो. बोलायचं नाही, हे दोघांनाही आठवत होतं.

बाई आमच्यासमोर आली. पहिल्यांदा त्याच्याकडं, मग माझ्याकडं बघून तिनं विचारलं, "कोण वं तुमी?"

आम्ही गप्प. तिनं पुन्हा विचारलं, कुठनं आलाय, अंगावर हे काय घातलंय, आजारी आहात का. इंजिनिअरनं माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली. आमचे वायरलेस चालू होते, तिचा आवाज घुमटात पोचत असणार. तेवढ्यात कानात कमांडर बोलले. ते त्यांचं पुस्तकातलं मराठी नव्हतं.

"उत्तर द्या की वो. म्हातारं माणूस विचारतंय. गप उभं ऱ्हाणं बरं दिसत न्हाय."

मी हेल्मेटमधून मोठ्यानं, जवळजवळ ओरडून सांगितलं, "मावशी, आम्ही त्या पांढऱ्या घुमटात राहतोय."

"काय करताय तितं?"

आता तिला मंगळ कसा सांगायचा? मी म्हणाले, आम्ही चार माणसं आहोत, दार लावून राहायचं, बाहेरचं काही खायचं नाही, उघड्या अंगानं बाहेर यायचं नाही, कुणाशी बोलायचं नाही, असं ठरवून राहतोय.

"म्हंजे देवाचा नेम धरलाय," ती म्हणाली.

"व्हय, तसंच," इंजिनिअर म्हणाला.

"मग आता बोललासा की."

"बोललो."

तिचा चेहरा पडला. ती रेडकाकडं वळून म्हणाली, "ह्याच्यापायी मोडला तुमचा नेम." मी काही म्हणायच्या आत तिनं घोंगडी उचलली, काठी घेतली, दोन्ही हात जोडले आणि म्हैस-रेडकू पुढं घालून झाडीत निघून गेली. जाताना एकदाही मागं वळून बघितलं नाही.

आम्ही परत आलो. मधल्या खोलीत थांबायचा वेळ त्या दिवशी फार लांबला असं वाटलं. आतलं दार उघडलं तेव्हा कमांडर समोरच उभे होते. त्यांनी स्वतः इंजिनिअरचं हेल्मेट काढलं. त्याचे केस चिंब, ओठ कोरडे. कमांडरनी आपल्या वाट्याच्या पाण्यातला पेला भरून त्याच्या हातात दिला. तो नको म्हणाला. ते म्हणाले, "पी रं. आन् हात धू चांगले, दोनदा." इंजिनिअर हसला आणि मग एकदम त्याला रडायला आलं. डॉक्टरनं त्याच्या खांद्याची सूज बघायचं निमित्त करून त्याला आत नेलं.

केंद्राला काय कळवायचं यावर बोलणं झालं. इंजिनिअर म्हणत होता की आपणच बोललो असं सांगू, सरांचं नाव कशाला. कमांडर ऐकेनात. जे झालं ते जसंच्या तसं सांगितलं त्यांनी, बोलायची परवानगी आपण दिली हेही. वीस मिनिटं गेली, चाळीस गेली, केंद्राकडून एवढंच आलं की निरोप मिळाला, विचार करून कळवतो. तो सगळा दिवस आणि दुसऱ्या दिवसाची दुपार आम्ही वाट बघितली. मी मेथीला पाणी घातलं, ते घालून झालं होतं हे नंतर लक्षात आलं. डॉक्टर माझ्याजवळ येऊन बसली. गेले काही आठवडे ती मनातून म्हणत होती की काहीतरी कारण निघावं आणि हे लवकर संपावं, बहिणीजवळ जाता यावं. हे ती मला पहिल्यांदाच सांगत होती, अर्धं कन्नड, अर्धं मराठी. आता खरंच संपेल असं दिसताना तिला ते नको झालं होतं. "अक्का, मेथी कापायची आहे ना अजून," ती म्हणाली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

उत्तर आलं ते मोहीम चालू ठेवा असं. बाकी मजकूर कमांडरांपुरता होता. त्यांनी तो वाचला, संगणक बंद केला आणि आम्हाला सांगितलं की संध्याकाळी मेथी काढायची. पहिल्या जुड्या त्यांनीच कापल्या. मुगाची डाळ घालून मी ती भाजी केली, वाळलेला लसूण होता तो घातला. चार माणसांना जेमतेम चार-चार घास. हिरव्या पानांचा कडवटपणा जिभेवर आला. जेवण झाल्यावर इंजिनिअर भांडी पुसता पुसता गुणगुणायला लागला. कमांडर त्याच्याकडं बघत राहिले, मग विचारलं, हे गाणं कुठलं. त्यालाही माहीत नव्हतं. त्या आठवड्यात कधीतरी त्यानं त्यांना सर म्हणायचं सोडून अण्णा म्हणायला सुरुवात केली.

पुढं एक गोष्ट आमच्या लक्षात आली. सड्यावर गुरं दिसेनाशी झाली. आधी खिडकीतून लांबवर म्हशींचे काळे ठिपके दिसायचे, पोरांच्या हाळ्या ऐकू यायच्या. आता सगळं सामसूम. आम्हाला वाटलं, केंद्रानं बंदोबस्त केला असेल. एकदा मात्र मी बाहेर गेले असताना झाडीच्या कडेला ती बाई दिसली. एक म्हैस सड्याकडं वळली होती, तिला ती काठीनं मागं हाकत होती. तिनं मला बघितलं आणि लगबगीनं झाडाआड झाली. मी हात वर केला, तो तिला दिसला की नाही, कोण जाणे.

त्याच सुमारास डॉक्टरची बहीण बाळंत झाली. मुलगी झाली. निरोपात बाळाच्या रडण्याचा आवाज होता. डॉक्टरनं तो इतक्यांदा लावला की आम्हाला त्या रडण्याचे चढउतार पाठ झाले.

शिमग्याच्या आधी दार उघडलं. हेल्मेट न घालता बाहेर पाऊल टाकलं तेव्हा आधी वास आला, उन्हात तापलेल्या दगडाचा आणि कुठंतरी जळणाऱ्या पाल्याचा. बरीच माणसं आली होती, हार होते, कॅमेरे होते, सगळी एकाच वेळी बोलत होती. मला त्यांचं बोलणं वेगळं वेगळं करून ऐकता येईना. नवरा मागं उभा होता. तो पुढं आला, माझा हात धरून जरा बाजूला घेऊन गेला आणि पाण्याची बाटली दिली. मी ती एका दमात पूर्ण प्याले.

कमांडरांपुरता जो मजकूर होता तो काय होता, हे मला नंतर कळलं. संस्थेची पुढची मोठी मोहीम हिमालयाच्या बाजूला व्हायची होती. तिचं प्रमुखपद त्यांना मिळणार हे जवळजवळ ठरलेलं, आणि त्यांची तीच इच्छा होती. नियम मोडायची परवानगी देणाऱ्याला ते देता येणार नाही, असं त्यांना त्याच दुपारी कळवलं होतं. ते वाचून त्यांनी मेथी काढायला सांगितली होती. मी निपाणीला त्यांच्या घरी गेले तेव्हा हा विषय काढला. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. संस्थेचं बरोबरच आहे, म्हणाले, नियम मोडणारा माणूस तिथं पाठवून चालणार नाही. पुढं म्हणाले, पण त्या बाईला उत्तर न देणारा माणूस पाठवूनही चालेल असं मला वाटत नाही. मग त्यांनी बायकोला हाक मारून आणखी चहा टाकायला सांगितलं.

उन्हाळ्यात आम्ही चौघं गवळीवाड्यावर गेलो. घुमटाच्या राखणदारानं वाट सांगितली आणि एक गोष्टही सांगितली, जी आम्हाला ठाऊक नव्हती. केंद्रानं काही बंदोबस्त केलेला नव्हता. ती बाई वाड्यावरच्या सगळ्यांना सांगत फिरली होती की सड्यावर नेमातली माणसं राहतात, एकदा आपल्यामुळं त्यांचा नेम मोडला, आता कुणी तिकडं गुरं घालायची नाहीत. चरायला चांगली जागा सोडून पोरं पार खालच्या ओढ्यापर्यंत म्हशी नेत होती, आमच्यासाठी.

तिनं आम्हाला ओळखलं नाही, ओळखणार तरी कशी? इंजिनिअरनं आवाज दिला तेव्हा ती थबकली आणि मग जवळ येऊन माझा चेहरा नीट बघितला. म्हणाली, "तोंड असं हाय व्हय तुजं." तिनं ओसरीवर घोंगडी अंथरली. नाचणीची भाकरी, लोण्याचा गोळा, लसणाची चटणी, ताक. डॉक्टरनं तीन भाकऱ्या खाल्ल्या. रेडकू आता चांगलं वाढलेलं, गोठ्यात बांधलेलं; त्यानं कमांडरांचा शर्ट चघळला आणि ते उभे राहून चघळू देत होते. निघताना मी तिला म्हणाले की आमच्यापायी तुम्हाला फार लांब जावं लागलं. तिला ते काही विशेष वाटलं नसावं. ती डॉक्टरच्या वेणीत अबोलीचा गजरा माळण्यात गुंतली होती.

जांबोटीला येऊन बसची वाट बघत बसलो. तिथं बस कधी येईल ते कुणी सांगू शकत नाही. आली तेव्हा खच्चून भरलेली होती. कंडक्टरनं कन्नडमधून कुठं जायचं ते विचारलं आणि डॉक्टरनं चौघांचं मिळून सांगितलं. मला मागं एक जागा मिळाली, डॉक्टरला पुढं बायकांत. कमांडर आणि इंजिनिअर दारापाशी दांडा धरून उभे होते. वळणावर बस कलली की इंजिनिअर त्यांच्या कोपराखाली हात लावायचा, ते बोलता बोलता तसेच उभे राहायचे. काय बोलत होते ते मला ऐकू येत नव्हतं.